खाद्य मांसात की गाभोळीत?

शेततळ्यात सायप्रिनस सोडणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. पहिले चार-पाच महिने मासा झपाट्याने वाढतो आणि मग अडीचशे-तीनशे ग्रॅमवर येऊन अडतो. खाद्य तेवढंच, पाणी तेवढंच, रोगाचं चिन्ह नाही. दोष पेंडीवर जातो, नाहीतर बीजवाल्यावर. अशा वेळी तळ्यातला एक मासा काढून सरळ चिरून बघावा. मादी असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत गाभोळी दाटलेली दिसेल आणि आतडं तिच्याखाली चेपून बसलेलं असेल. नर असेल तर दोन्ही बाजूंना पांढऱ्या, दुधाळ पट्ट्या. पूर्ण पिकलेली गाभोळी मादीच्या वजनाच्या शेकडा पंधरा-वीस इतकी भरू शकते. तुम्ही टाकलेलं खाद्य वाया गेलेलं नाही, पण ते गेलं भलतीकडेच.

ही अडचण समजून घ्यायची तर बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याचं उदाहरण घ्यावं. अर्कावती नदीवरचं हे जुनं तळं १८९४ साली शहराच्या पाण्यासाठी बांधलं गेलं. आज त्या परिसरात भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेचं, म्हणजे 'सीफा'चं, प्रादेशिक केंद्र आहे आणि कर्नाटकच्या पशुवैद्यक, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य संशोधन केंद्रही आहे. विद्यापीठाच्या या केंद्रातल्या लोकांना नेमका हाच प्रश्न पडला होता. कर्नाटकातल्या तलावांत सोडलेला सायप्रिनस बाजाराच्या वजनाला पोचायच्या आधीच वयात येतो, तळ्यातच अंडी घालतो, आणि मग तळं छोट्या माशांनी भरून जातं. युरोपच्या थंड पाण्यात हाच मासा वयात यायला तीन-चार वर्षं घेतो. आपल्याकडे सहा महिन्यांत मोकळा होतो.

या कामात स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाची साथ मिळाली. हंगेरीतून काही वाण आणून स्थानिक वाणांशेजारी वाढवून पाहिले गेले. त्यांतला अमूर वाण, म्हणजे मुळात रशिया-चीन सीमेवरच्या अमूर नदीचा, उशिरा वयात येणारा आणि स्थानिक वाणापेक्षा साधारण पाव पटीने जास्त वाढणारा ठरला. आज महाराष्ट्रात बीजविक्रेते 'अमूर' म्हणून जे विकतात, त्याचा उगम बहुतांशी हेसरघट्ट्यात आहे. 'बहुतांशी' म्हणायचं कारण, अमूर म्हणून विकलं जाणारं सगळंच अमूर असतं असं नाही. त्याकडे शेवटी येऊ.

वाण बदलल्याने अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा पाण्यात आहे, आणि तो बीजवाल्याच्या नव्हे, तुमच्या हातातला.

माशाला अंगाची ऊब नसते. पाणी जितकं गरम, तितकं त्याचं शरीर गरम, आणि ठरावीक मर्यादेत पाण्याचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याच्या शरीरातला खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. पंचवीस ते बत्तीस अंशांच्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ उत्तम खातात आणि वाढतात. पाणी विशीच्या खाली गेलं की खाणं मंदावतं. बत्तीस-तेहेतीसच्या वर खाल्लेलं बरंचसं नुसतं जगण्यातच खर्ची पडतं. सायप्रिनसची गोष्ट थोडी वेगळी आहे. अठरा ते पंचवीस अंशांचं पाणी म्हणजे त्याला अंडी घालायचं आमंत्रण. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, ना कडाक्याची थंडी ना नागपूरसारखा उन्हाळा. तिथे वर्षाचा बराच काळ पाणी याच टप्प्याच्या आसपास घुटमळतं. माणसाला आल्हाददायक वाटणारी ही हवा सायप्रिनसलाही तशीच वाटते, म्हणूनच तिथला प्रश्न इतका ठळकपणे दिसला. आपल्याकडे पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर पट्ट्यात तीच परिस्थिती हिवाळ्याच्या अखेरीला येते. जानेवारी ते मार्च हा सायप्रिनसचा मुख्य हंगाम, आणि पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला दुसरा.

पुनरुत्पादनाची कळ मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीत असते. पाण्याचं तापमान, दिवसाची लांबी, पहिल्या पावसाचं ताजं पाणी, पोटभर खाद्य आणि आजूबाजूची गर्दी या सगळ्याची खबर तिथे पोचते, आणि वाढ चालू ठेवायची की अंडी भरायची याचा हिशेब तिथे होतो. उत्तरेकडच्या देशांत दिवस हिवाळ्यात आठ-नऊ तासांचा आणि उन्हाळ्यात सोळा तासांचा असतो, त्यामुळे तिथल्या माशांना उजेडाचं घड्याळ पुरतं. बेंगळुरूला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसांत जेमतेम दीड तासाचा फरक. तिथे आणि आपल्याकडेही तापमान आणि पाऊस हेच मोठे इशारे.

रोहू-कटल्याचा इशारा तर फारच काटेकोर. तळ्यात दुसऱ्या वर्षी त्यांची गाभोळी भरते, पण नदीला पूर आल्यासारखं वाहतं, गढूळ पाणी मिळत नाही तोवर अंडी बाहेर पडत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून पुराची ही वाट पाहणंच संपवलं. दर वर्षी १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन साजरा होतो तो त्यामुळे. तुमच्या तळ्यात टोचायला कोणी नसतं. तिथे भरलेली गाभोळी शेवटी शरीरातच जिरते, पण ती भरायला लागलेलं खाद्य परत येत नाही. म्हणून विक्रीसाठी वाढवलेला रोहू दुसऱ्या उन्हाळ्यात नेणं सहसा तोट्याचं असतं. दहा-बारा महिन्यांत आठशे ग्रॅम ते किलोवर आला की काढावा. 'अजून थोडा वाढू दे' म्हणून ठेवलेल्या माशाचं वजन वाढतं ते गाभोळीचं, आणि तेही काही महिन्यांपुरतं.

वातावरण बदललं तर हे इशारेही सरकतात. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने पश्चिम बंगालच्या हॅचरींवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की रोहू-कटल्याचा प्रजननाचा हंगाम ऐंशीच्या दशकाच्या तुलनेत दीड-दोन महिन्यांनी वाढला आहे आणि मार्चपासूनच मासे तयार होऊ लागले आहेत. हॅचरीवाल्याला हे वरदान, कारण हंगाम लवकर सुरू झाला की बीज जास्त. तळेवाल्याने मात्र हिशेब उलटा मांडावा. मार्चमध्ये मासा वयात येणार असेल, तर त्याची चांगली वाढ फेब्रुवारीअखेरीलाच आटोपलेली असते. बेंगळुरूत २०१६ च्या एप्रिलमध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला होता, तिथल्या नोंदींतला उच्चांक. असे उन्हाळे आता अपवाद मानून चालणार नाही, तेव्हा उन्हाळ्याआधी विक्री हाच बेत मुख्य धरावा.

आता काय करायचं ते. पहिली खरेदी एअरेटरची नव्हे, थर्मामीटरची. साधा, पाण्यात बुडवता येणारा. सूर्य उगवायच्या आधी आणि दुपारी तीनला, एकदा पृष्ठभागावर आणि एकदा दोरीला बांधून मीटरभर खाली, असं आठवड्यातून दोनदा तापमान वहीत लिहा. अस्तर लावलेल्या खोल शेततळ्यात वरचा थर तापलेला आणि खालचा थंड असा दोन मजल्यांचा कारभार चालतो. खालच्या मजल्यावर विष्ठा, उरलेलं खाद्य कुजत असतं आणि प्राणवायू जवळपास नसतो. मासे वरच्या तापलेल्या पाण्यात कोंडलेले. मे अखेरीस वळवाचा एक जोरदार सडाका आला की वरचं पाणी एकदम थंड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, आणि सकाळी मासे तरंगताना दिसतात. गावात लगेच 'कोणीतरी औषध टाकलं' अशी कुजबुज सुरू होते. वहीत वर-खालच्या तापमानात तीन-चार अंशांचा फरक दिसू लागला की पंपाने तळाचं पाणी ओढून दुपारी वरून फवारत राहा, म्हणजे दोन थर साठूनच राहणार नाहीत.

खाद्य तापमानाप्रमाणे द्या, कॅलेंडरप्रमाणे नाही. पंचवीस ते तीस अंशांत माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के. पाणी विशीला आलं की निम्मं, अठराच्या खाली गेलं की एक दिवसाआड चाळण्यापुरतं. तेहेतीसच्या वरही निम्मं, आणि तेही सकाळी नऊ-दहाला, पाण्यात प्राणवायू चढल्यावर. आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी बंद. भुकेने मासा एका दिवसात मरत नाही, पण ढगाळ दिवशी टाकलेली पेंड कुजून रात्री तळं मारू शकते.

प्राणवायूबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तो फक्त जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे असं बहुतेकांना वाटतं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांत साडेसात. बेंगळुरूच्या उंचीवर हवेचा दाबच कमी, म्हणून तिथे त्यातला आणखी दहावा हिस्सा वजा. म्हणजे पाणी तापलं की माशाचा खर्च वाढतो आणि पुरवठा घटतो, दोन्ही एकदम. मार्च २०१६ मध्ये बेंगळुरूच्या हलसूरु तलावात हजारो मासे मरून काठाला लागले. सांडपाण्याने पोसलेलं हिरवं पाणी, चढता उन्हाळा आणि संपलेला प्राणवायू हे तिथलं समीकरण होतं. असं हिरवंगार पाणी दुपारी प्राणवायूने ओसंडून वाहतं आणि पहाटे चारला कोरडं पडतं, कारण रात्री शेवाळही श्वासच घेतं.

न मरता अर्धपोटी प्राणवायूवर दिवस काढणाऱ्या माशांचं काय होतं, ते हाँगकाँगच्या संशोधकांनी २००३ मध्ये नेमकं सायप्रिनसवरच दाखवलं. अनेक आठवडे कमी प्राणवायूत ठेवलेल्या माशांची प्रजननाची संप्रेरकं बिघडली, अंडी-शुक्रजंतूंची वाढ खुंटली, आणि पिल्लं कमी जगली. ज्याला मांसच हवं आहे तो म्हणेल, बरंच झालं, गाभोळी नको होतीच. तसं होत नाही. अशा पाण्यात मासा खातही नाही. पाच मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असेल तर वाढ, तीनच्या खाली नुसता तग. ज्याला स्वतः नर-माद्या सांभाळून बीज काढायचं आहे, त्याने मात्र हे मनावर घ्यावं. पहाटे वर येऊन तोंड वासणाऱ्या तळ्यातून चांगलं बीज निघत नाही, मग मादी कितीही जाड असो.

प्राणवायू मोजायचा मीटर नसेल तर पहाटे साडेपाचला तळ्यावर जा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि तुमची चाहूल लागूनही खाली जात नसतील, तर प्राणवायू संपत आलेला आहे. त्या दिवशी खाद्य नाही, शेणखत नाही. तळ्याचंच पाणी पंपाने उचलून उंचावरून तळ्यात सोडा. विहिरीचं थोडं ताजं पाणी द्या, पण विहिरीचं पाणी ढवळल्याशिवाय सोडू नका, त्यातही प्राणवायू कमीच असतो. पाण्याचा हिरवेपणा ओळखायची साधी रीत म्हणजे हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा जेमतेम दिसेनासा झाला तर ठीक. मनगटाच्या पुढेच दिसेनासा झाला तर खत बंद. तळवा लख्ख दिसत असेल तर पाण्यात नैसर्गिक खाद्यच नाही, आणि अस्तराच्या तळ्यात हे फार वेळा होतं, कारण तळाला माती नसते.

सांडपाण्याबद्दल बेंगळुरूला विचारावं. बेळंदूर तलावाचा फेस आणि त्याला लागलेल्या आगी देशाने टीव्हीवर पाहिल्या. अशा तलावांत मासे नसतात असं नाही. तिलापिया असतो, आफ्रिकन मांगूर असतो. मांगूर वरून हवा घेऊ शकतो, म्हणून जिथे बाकी सगळे संपतात तिथे तो मजेत राहतो. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मोठ्या शहराजवळचं, अर्धवट शुद्ध केलेलं पाणी आता शेतीकडे वळवलं जातं. बेंगळुरूचं कोलारच्या तलावांना २०१८ पासून जातं, उद्या आपल्याकडेही जाईल. त्यात मासे सोडायचा मोह होईल, कारण पाणी बारमाही आणि खतही फुकट. दोन गोष्टी तपासल्याशिवाय सोडू नका.

एक अमोनिया. एकूण अमोनियाचा आकडा एकटा फसवतो. त्यातला विषारी भाग किती, ते सामू आणि तापमान ठरवतात. तीस अंशांच्या पाण्यात सामू सात असेल तर शंभरातला एक भागही विषारी नसतो, आठ असेल तर सात-आठ भाग, आणि नऊ झाला की चाळीसच्या वर. हिरव्या पाण्याचा सामू दुपारी चढतो. म्हणून सकाळी आठला तपासून 'सगळं ठीक' म्हणणारा अहवाल कामाचा नाही. दुपारी तीनला तपासा. थोडा अमोनिया सतत राहिला तर कल्ले खराब होतात आणि मासा खाऊनही वाढत नाही.

दुसरी गोष्ट घरच्या किटमध्ये सापडत नाही. माणसांच्या औषधांतली, विशेषतः गर्भनिरोधक गोळ्यांतली संप्रेरकं सांडपाण्यातून पाण्यात येतात. कॅनडात ओंटारियोतल्या एका प्रायोगिक तलावात २००१ पासून तीन उन्हाळे असं कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे अवघे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील एवढंच सोडलं गेलं. नर माशांच्या शरीरात अंड्यातलं प्रथिन तयार होऊ लागलं आणि तिथल्या एका छोट्या माशाची वसाहत जवळजवळ नाहीशी झाली. खाण्यासाठी वर्षभर वाढवून काढायच्या माशांत हा परिणाम वजनावर दिसणार नाही कदाचित. पण सांडपाणी मिळणाऱ्या तळ्यात बीजासाठीचे नर-मादी ठेवू नका, एवढं यातून निश्चित घ्यावं.

चिलापीकडे वळतो. १९५२ साली भारतात आलेला हा मोझांबिकचा तिलापिया उजनीपासून बेंगळुरूच्या तलावांपर्यंत पसरला तो लवकर वयात यायच्या गुणावर. वातावरण जितकं हलाखीचं, तितका तो लहानपणी वयात येतो. गर्दीच्या, आटत्या तळ्यात बोटभर लांबीची मादी तोंडात अंडी घेऊन फिरताना दिसते. अंडी-पिल्लं तोंडात असेपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस, ती काही खात नाही, आणि ती सोडली की थोड्याच आठवड्यांत पुन्हा तेच. अशी मादी वाढणार कधी? तळ्यात चिलापी शिरला असेल तर पाणी काढून, तळ वाळवून, चुना मारूनच नवं पीक घ्या. जाळं मारून तो संपत नाही. आणि तिलापियाच करायचा असेल तर परवानगी घेऊन एकलिंगी नर जातीचा.

सायप्रिनसमध्येही गर्दीचा नियम तोच, थोडा सौम्य. तीस बाय तीस मीटरच्या शेततळ्यात एअरेटरशिवाय सगळे मिळून पाचशे ते सातशे मासे पुरेत, आणि त्यात सायप्रिनस पाचव्या हिश्शाहून जास्त नको. बीजवाला हजार-दीड हजार टाकायला सांगतो, कारण त्याचा धंदा नगावर चालतो. सायप्रिनसची अंडी चिकट असतात आणि पाणवनस्पतींना, जलपर्णीच्या मुळांना, काठावर पाण्यात लोंबणाऱ्या गवताला चिकटतात. किलोभर वजनाची मादी लाखभर अंडी घालते. म्हणून डिसेंबरअखेर काठ साफ करा, जलपर्णीचा एक झुबकाही ठेवू नका, लोंबते दोर काढा. जानेवारीपासून पंधरवड्याला दहा-वीस मासे धरून पोट हलकं दाबून बघा. नरातून दुधासारखा थेंब आला किंवा मादीचं पोट मऊ, फुगीर लागलं की ते वेगळे काढून विका. उरलेल्यांना जागा आणि खाद्य दोन्ही मिळेल. गाभोळीच्या माशाला आपल्या बाजारात गिऱ्हाईक असतंच, तेव्हा ही विक्री तोट्याचीही नाही.

आणि बीज. ऐंशीच्या दशकात अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉईल या संशोधकांनी कर्नाटकातल्या हॅचरींमध्ये नर-मादी कसे निवडले जातात ते तपासलं. मोठे, भराभर वाढलेले मासे विकले जायचे आणि मागे उरलेले प्रजननासाठी ठेवले जायचे, तेही मोजकेच, त्याच घराण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या असं झालं की आपोआप खुरट्या आणि सगोत्र माशांची निवड होते. उलट दिशेने नेटाने निवड केली तर काय होतं ते सीफाच्या जयंती रोहूने १९९७ मध्ये दाखवलं. खाद्य, तापमान, प्राणवायू सगळं सांभाळूनही मासा वाढत नसेल, तर मुळातच तो वाढायच्या घराण्यातला नसावा.

तेव्हा बीज घ्यायला जाल तेव्हा दरापेक्षा आधी नर-मादींची चौकशी करा. कुठून आणले, किती जोड्या आहेत, शेवटचे कधी बदलले. 'अमूर' म्हणत असेल तर मूळ साठा कुठल्या सरकारी केंद्रातून, कोणत्या साली आला ते विचारा, पावती दाखवायला सांगा. उडवाउडवी झाली तर दुसरी हॅचरी बघा. शंका असेल तर उदगीर किंवा नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात, नाहीतर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करता येते. मत्स्यजिरे स्वस्त पडतात म्हणून थेट तळ्यात सोडू नका, बोटुकली घ्या, आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाचं पाणी दीड-दोन मीटर साठल्यावर. पिशवी तळ्यात अर्धा तास तरंगत ठेवून मग हळूहळू तळ्याचं पाणी आत घ्या. आगाऊ नोंदणी एप्रिल-मेमध्ये करावी लागते, आणि त्याच वेळी हॅचरीतले नर-मादी प्रत्यक्ष बघायला मिळतात.